आईनं चालायचं कुठं?

पोस्ट लांबलीय, सवडीनं वाचा. तामलवाडीतल्या आणि आजूबाजूच्या गावांतल्या आयाबहिणींनी तर वाचाच. ग्रामसभेला हात वर करायला जाणाऱ्या दादा-काकांनीही शेवटपर्यंत वाचा, कारण शेवटी काम तुमच्याकडंच आहे.

मी शिलाईकाम करते. ब्लाऊज, पिको-फॉल, शाळेचे गणवेश. सकाळी नऊ-साडेनऊला मशीनवर बसले की लेकरं शाळेतून येईपर्यंत उठणं नाही. आधी पायाची मशीन होती तेव्हा निदान पाय तरी हलायचे. तीन वर्षांपूर्वी मोटर बसवली. काम दुप्पट झालं आणि पाय बंद पडले. गावात राहते म्हणजे ही बाई दिवसभर राबत असणार, असं शहरातल्या नातेवाइकांना वाटतं. राबते मी, पण बसून.

धाकट्याच्या वेळी सातव्या महिन्यात ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तासांनी रक्त तपासलं, तेव्हा साखर वाढलेली निघाली. गरोदरपणातली साखर बाळंतपणानंतर बहुतेक वेळा उतरते, पण पुढं कायमची लागायची शक्यता अशा बाईला जास्त असते. म्हणून बाळंतपणानंतर दीड-दोन महिन्यांनी परत तपासायचं आणि पुढंही तपासत राहायचं. तसं मला कागदावर लिहूनही दिलं होतं. तो कागद मी नीट घडी घालून पेटीत ठेवला आणि चार वर्षं काढला नाही. ह्यात दोष कुणाचाच नाही, माझाच. लेकराचे डोस एकही चुकवले नाहीत, स्वतःचा कागद मात्र पेटीत.

मागच्या वर्षी सारखं थकायला व्हायलं म्हणून तपासणी केली. तीन महिन्यांची साखर सहा पूर्णांक तीन. डॉक्टर म्हणाले, "अजून आत आली नाही, पण दारात उभी आहे. साडेसहाला घरात आली म्हणायचं. चाला." मी विचारलं, कुठं चालू? ते हसले. म्हणाले, "खेड्यात राहता आणि जागा विचारता?"

तर मंडळी, हा प्रश्न मी आज तुम्हाला विचारायलेय.

तामलवाडी सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर आहे, टोलनाक्यामुळं सगळ्यांना माहीत. हायवे झाला, चांगलं झालं, सोलापूर जवळ आलं. पण पहाटे साडेपाचला एका बाईनं अर्धा तास सरळ चालायचं म्हटलं तर जागा सांगा. शेताच्या वाटेला अंधार, आणि कुत्री. गल्लीतून चालायचं तर चार घरांनंतर गल्ली संपते आणि तेवढ्यात सहा जणी विचारतात, "कुठं चाललीस गं एवढ्या लवकर?" उरला हायवेचा काठ.

मी काठानं चालू लागले. थोरली दुसरीत आहे, तिला जाग यायची आणि ती मागं लागायची. ती आली की धाकटा आलाच, त्याला पाचवं सुरू आहे. अशी आमची तिघांची दिंडी. आठ-दहा दिवस बरं चाललं. मग गळीत हंगामातल्या एका पहाटे उसाचा ट्रॅक्टर आला. मागं दोन ट्रॉल्या, रिफ्लेक्टर नाही, गाणी मोठ्यानं. पुढची ट्रॉली गेली तेव्हा मी निश्चिंत झाले, मागचीचं ध्यानात नव्हतं. ती डुलत आमच्या अंगावर आली. थोरलीनं धाकट्याला ओढलं, मी दोघांना ओढलं, तिघं खाली कडेच्या बाभळीत. ट्रॅक्टरवाल्याला कळलंही नसेल. धाकट्याच्या ढोपराला काटे, माझा हात खरचटला, बाकी काही नाही. घरी आल्यावर ह्यांनी एकच वाक्य बोललं, "उद्यापासून बंद." मी पण काही बोलले नाही. खरं सांगू, मला आतून सुटल्यासारखं झालं. कारण मिळालं ना न चालायला.

पण दुसऱ्या दिवशी पहाटे थोरली बूट घालून दारात उभी. शाळेचे काळे बूट. म्हणाली, "हायवे नको, अंगणात पळू." अंगण म्हणजे किती, नळाच्या टाकीपासून तुळशीपर्यंत. एक चक्कर वीस-बावीस पावलांची. मी म्हटलं, ह्यात काय होणार? ती म्हणाली, "मग लई चकरा मारू."

तिनं माझ्या बटणांच्या डब्यातून साठ बटणं काढली, दोन वाट्या घेतल्या. एक चक्कर झाली की एक बटण ह्या वाटीतून त्या वाटीत. साठ झाली की सुट्टी. दोन-चार दिवसांनी माझ्या लक्षात आलं की साठ काही केल्या होईनात. पाय भरून यायले, वाटी रिकामी होईना. बघते तर धाकटा टाकीमागं बसून भरलेल्या वाटीतली बटणं गपचूप परत पहिल्या वाटीत टाकायलाय. रागावले. तर म्हणतो, "संपलं की तू मशीनवर बसतीस."

हे ऐकून मी काय करावं, तुम्हीच सांगा. त्या दिवशी मी नव्वद चकरा मारल्या असतील.

मोबाईलवर असे व्हिडिओ खूप येतात. आई व्यायाम करते, गोंडस बाळ टाळ्या वाजवतं, मागं संगीत. आमच्याकडं तसलं काही नाही. आमची लेकरं कौतुक करत नाहीत, हिशोब घेतात. "आई, तू म्हशीसारखी धापा टाकायलीस." "आई, गुडघा वर घे, आमच्या मॅडम घ्यायला लावतात." गौरी-गणपतीच्या आधी ऑर्डरींचा ढीग होता, रात्री दीडपर्यंत मशीन चालली. पहाटे मी म्हटलं, आज नको गं. थोरली बाईंच्या आवाजात म्हणाली, "रोज यायचं असतंय, नाहीतर टीममधून नाव कापतात." उठले. दुसरा उपाय नव्हता. सगळं झाल्यावर धाकटा माझाच कापडावर खुणा करायचा खडू घेतो आणि माझ्या मनगटावर चांदणी काढतो, अंगणवाडीत त्याच्या हातावर पेनानं काढतात तशी. ती चांदणी घेऊन मी दिवसभर ब्लाऊज कापते. गिऱ्हाईक विचारतात, हे काय? मी सांगते, पास झाले.

आणि खो. थोरलीच्या शाळेत खो-खो शिकवतात. आपला जिल्हा खो-खोचा, हे कुणाला सांगायला नको. सारिका काळे ह्याच मातीतली. तिच्या कप्तानीखाली २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारतानं सोनं जिंकलं, २०२० ला तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. पुरस्कार जाहीर झाला तेव्हा ती आपल्याच तुळजापूरला क्रीडा अधिकारी होती. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तोही आपल्या मुलींनी आणि मुलांनी, दोघांनी जिंकला. तेव्हापासून थोरलीचं डोकं फिरलंय. मी दमून पायरीवर टेकले की मागून येते, पाठीवर थाप मारते आणि ओरडते, "खो!" खो मिळाला की उठायचंच असतं. बसून विचार करत बसायचं नसतं, मी दमले का, कुणी बघतंय का. उठायचं आणि पळायचं.

आठ महिन्यांनी तपासलं. पाच पूर्णांक नऊ. डॉक्टरांनी विचारलं, काय केलं? मी सांगितलं, पोरं करून घेतात. रात्रीच्या जेवणानंतरही दहा मिनिटं त्या दोघांमागं फिरते. जेवल्यावर पाय चालले की रक्तातली साखर स्नायू ओढून घेतात, हे डॉक्टरांनीच समजावलं. त्याला ना जिम लागते, ना पैसे.

आता तुम्ही म्हणाल, बाई, झालं की तुझं, मग तक्रार काय?

तक्रार सांगते. माझ्या वडिलांना साखर होती. शेवटी पाय काढावा लागला. आमच्या घरात त्यावर बोलणं होतं, आत्याबाई आल्या-गेल्यांना सांगतात, "हिच्या वडलांचंबी असंच झालतं." एका पहाटे चकरा चालू असताना धाकट्यानं विचारलं, "आई, तू नाही पळालीस तर तुझा पन पाय कापतेत का?" आणि मग हळूच, "मी झोपलो तर?" म्हणजे ह्या पोराला वाटायलंय की तो झोपून राहिला, बटणं मोजली नाहीत, तर आईचा पाय जाईल. पाच वर्षांचं नाही अजून ते. मी त्याला जवळ घेतलं, सांगितलं की असं काही नसतं, तू झोप, मी एकटी पळते. तो झोपला नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी उठून बसला.

तेव्हापासून मला लेकरांच्या प्रोत्साहनाचं नुसतं कौतुक करवत नाही. लेकरांनी हाक मारावी, हसावं, म्हैस म्हणावं, खो द्यावा. ते त्यांचं खेळणं आहे. पण आईच्या तब्येतीची जबाबदारी त्यांची नाही. जी हिंमत मला नवऱ्यानं, सासरनं, गल्लीनं, गावानं द्यायची, ती सगळी दोन लेकरांकडून घ्यायची वेळ माझ्यावर आली, कारण बाकी कुणी दिली नाही. कुणी आडवं आलं नाही, हेही सांगते. ह्यांनी कधी नको म्हटलं नाही ट्रॅक्टरच्या दिवसाशिवाय, आणि तेव्हा त्यांचं बरोबरच होतं. पण आडवं न येणं आणि सोबत येणं ह्यात फरक आहे की नाही?

ही माझ्या एकटीची गोष्ट नाही. २०२४ मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थ ह्या वैद्यकीय मासिकात आकडे आले होते. २०२२ साली भारतात ५७ टक्के बायका आणि ४२ टक्के पुरुष पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते. पुरेशी म्हणजे काय, तर आठवड्याला १५० मिनिटं जोरात चालणं किंवा तेवढ्या ताकदीचं काही. पाच दिवस, रोज अर्धा तास. बायका आणि पुरुषांत १५ टक्क्यांचा फरक का? बायका आळशी आहेत म्हणून? पुरुष सकाळी चौकात जातो, मैदानात पोरांबरोबर व्हॉलीबॉल खेळतो, काहीच नाही तर पान खायला नाक्यापर्यंत चालत जातो आणि कुणी विचारत नाही कुठं चाललास. बाईला घराबाहेर पाऊल टाकायला काम लागतं. पाणी, दळण, शाळा, देऊळ, शेत. नुसतं चालायला म्हणून बाहेर पडलेली बाई गावाला कळत नाही.

"शेतात जा, आपोआप व्यायाम होतो," हे मला किमान वीस जणांनी ऐकवलं. दिवसभर खुरपणाऱ्या बाईला व्यायाम कमी पडतो असं माझं म्हणणंच नाही. तिला कमी पडते ती विश्रांती, आणि मजुरी. पण गावात आता माझ्यासारख्या पण बऱ्याच आहेत. मशीनवाल्या, दुकानात बसणाऱ्या, सेंटरवर कॉम्प्युटर चालवणाऱ्या, लहान लेकरामुळं घरात अडकलेल्या. आमच्याकडं शेत नाही किंवा वाटून दीड एकर आलंय. आम्हाला शेतात जा म्हणणं म्हणजे पाणी नसलेल्या आडाकडं बोट दाखवणं.

बारामतीजवळच्या लता करे आठवतात का? साठीच्या पुढच्या बाई, नवऱ्याच्या एमआरआयला पैसे नव्हते म्हणून नऊवारी नेसून, अनवाणी, बारामतीची मॅरेथॉन पळाल्या आणि जिंकल्या. पुढं त्यांच्यावर सिनेमा आला, त्यात त्यांनी स्वतःच काम केलं, त्या सिनेमाची राष्ट्रीय पुरस्कारात दखल घेतली गेली. मीही तो फोटो दहा जणींना पाठवलाय, डोळ्यात पाणी येतंच. पण एक गोष्ट खुपते. बाई नवऱ्याचा जीव वाचवायला पळाली की आपण टाळ्या वाजवतो. तीच बाई स्वतःचा जीव नीट राहावा म्हणून पळाली असती तर? "म्हातारपणी काय सोंग" असंच म्हटलं असतं की नाही, छातीवर हात ठेवून सांगा.

आणि आपलं गाव चालणाऱ्या बाईला ओळखत नाही, असंही नाही. कोजागरीच्या आधी आपल्या दारावरून काय जातं ते आठवा. सोलापूरकडून, कर्नाटकातून आईच्या दर्शनाला निघालेली माणसं. लाखांनी. अनवाणी. त्यात बायका किती असतात! कडेवर लेकरू, बोटाला दुसरं, रात्री दोन वाजता तुळजापूरकडं चालतात. लेकरं दमली की आई गोष्ट सांगते, आई दमली की लेकरू "आई राजा उदो उदो" ओरडतं आणि ती परत चालते. मी स्वतः बघितलंय. त्या दिवसांत जड वाहनं दुसरीकडून वळवतात. जागोजागी चहा, केळी, खिचडी, पाय चोळायला तेल. सगळा रस्ता चालणाऱ्यांचा होतो. कुणी एका बाईला विचारतं का, कुठं चाललीस, घरी कामं नाहीत का?

म्हणजे जमतंय आपल्याला. चालणाऱ्या बाईला वाट द्यायची, उजेड द्यायचा, पाणी द्यायचं, हे सगळं गावाला येतं. वर्षातले तीन-चार दिवस येतं.

मला काय पाहिजे ते आता स्पष्ट लिहिते.

आमच्या घरापासून जवळच एक मैदान आहे. मोठं आहे, सपाट आहे, भिंत आहे. कुलूप पण आहे. आम्ही चौघी-पाच जणी जाऊन विचारून आलो. उत्तर आलं, "वस्तूंची चोरी होते, दारुडे बसतात, जबाबदारी कुणाची?" नाव घेत नाही, कारण हे उत्तर एका जागचं नाही, कुठल्याही गावात हेच मिळेल. आणि ते खोटंही नाही. बाटल्या मी पण बघितल्यात. पण दारुड्यांसाठी लावलेल्या कुलपानं दारुडे थांबलेत का? ते भिंतीवरून चढतात. बाहेर राहतो आम्ही, कारण आम्हाला लेकरं घेऊन भिंतीवरून चढता येत नाही.

पहाटे साडेपाच ते साडेसहा आणि संध्याकाळी सहा ते सात. दोन तास. एक चावी आमच्या बचत गटाकडं द्या, वही ठेवतो, कोण आलं कोण गेलं लिहितो, कुलूप आम्ही लावतो. एक दिवा लावा. कडेची बाभळ तोडा. बास. ओपन जिम नको. किती गावांत बघितल्या त्या जिम, रंगीत यंत्रं उन्हात तापतात, सहा महिन्यांत बोल्ट गळतात, आणि लेकरांची बोटं अडकायची भीती म्हणून आई तिकडं फिरकत नाही. आईला जिथं लेकरू सोडता येतं तिथंच आई व्यायाम करू शकते, एवढं साधं गणित कुणी मांडत नाही. आणि पाच वर्षांच्या पुढच्या लेकरांनाही रोज तासभर पळणं-खेळणं लागतंच, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. एकाच मैदानात दोन कामं होतात.

पैशाचं म्हणाल तर ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. एका दिव्याला आणि एका कुलपाच्या दोन चाव्यांना किती लागतात? शिवाय ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, हे कायद्यातच आहे. ती सभा आपल्याकडं कशी होते ते आपण जाणतो. कुठल्याही गावात बघा, रजिस्टर घरोघर फिरतं, सह्या होतात, झाली सभा. मीही न वाचता सह्या केल्यात, लपवत नाही. ह्यावेळी सही सभेत बसूनच करायची असं आम्ही अकरा जणींनी ठरवलंय. मैदानाचा विषय लेखी देणार आहोत. अर्ज थोरलीच्या वहीच्या पानावर लिहून तयार आहे, एक प्रत ठेवून पोच घेऊ.

दादा-काकांना एवढंच, की तो विषय ग्रामसभेत वाचला जाईल तेव्हा हसू नका. हात वर करा. आणि उसाच्या ट्रॉलीला मागं रिफ्लेक्टर लावा, शंभर-दोनशे रुपयांचं काम आहे.

धाकट्याला मी आता वेगळं काम दिलंय. बटणं मोजायची नाहीत. त्यानं फक्त रेषेवर उभं राहायचं आणि मी आले की मला शिवून आउट करायचं. लई हसतो. परवा पहिल्यांदा तो सातपर्यंत झोपला, मी आणि थोरलीनं उठवलं नाही. उठल्यावर चिडला, पण पायाचं काही विचारलं नाही.

महिला सभेची तारीख कळली की इथंच टाकते. तोवर ज्यांना यायचंय त्यांनी मला मेसेज करा. सध्या आमच्याच अंगणात, पहाटे साडेपाच, एका वेळी चौघीच मावतात म्हणून वार वाटून घेऊ. लेकरं आणली तरी चालतील. चप्पल नको, बूट घाला. साडीवर घातले तरी कुणी बघत नाही, आणि बघितलं तर बघू द्या.